अन्नाला पाय

रिटायर हवालदार कृष्णात यांनी शत्रूला कधी पाठ दाखवली नव्हती. पण आज द्राक्षांनी भरलेल्या लाकडी पिंपापुढून ते तिसऱ्यांदा माघारी फिरले.

तासगावकडची त्यांची काळ्या द्राक्षांची बाग पस्तीस वर्षांची. माल थोडा, मणी बारीक. वेल म्हातारे झाले, काढून टाकू, असा मुलाचा, जयराजचा धोशा. त्यानं सोमवारचा जेसीबीही सांगून ठेवला होता. तेवढ्यात पुण्याहून देवदत्त नावाचे वाइनवाले उगवले. त्यांना असलेच म्हातारे वेल हवे होते. गोडाचा मागमूस नसलेली लाल वाइन करायची, जुन्या पद्धतीनं, द्राक्षं पायांनी तुडवून. आणि पाय बाग जपणाऱ्यांचेच हवेत, हा पाहुण्यांचा हट्ट. आज हे पिंप जमलं तर बाग राहणार. नाही तर सोमवार ठरलेलाच.

हवालदारांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय उचलला आणि तो हवेतच राहिला. अन्नाला पाय लावायचा?

"जयराज, तू उतर रं."

"मी? ल्हानपणी भाकरीच्या तुकड्याला पाय लागला तवा तुमीच मुस्काटात दिली हुती, आबा!"

पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून हवालदारांना आणखी एक द्यावीशी वाटली.

बायकोला सांगायची सोय नव्हती. मनुबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. वाइनचं नाव निघाल्यापासून तीन दिवस त्या नवऱ्याशी फक्त भांडी आपटून बोलत होत्या.

त्याच आता तरातरा बाहेर आल्या. पाय घासून धुतले, पिंपाला हळदीकुंकू लावलं आणि लुगडं वर खोचून आत उतरल्या.

"आवं, तुमच्या दारूसाठी न्हाई! तुमी सरहद्दीवर हुता तवा ही बाग मी लावली. घागरीनं पाणी घातलं. ह्याच पायांनी वेलांच्या बुडाशी अनवाणी हिंडले. तवा पाप लागलं न्हाई, आन् आता लागतंय व्हय?"

तरीही धोका नको म्हणून दर पावलाला त्या वाकून द्राक्षांना हात लावत आणि तो कपाळाला टेकवत. दुपार कलली तरी निम्मंच पिंप झालं.

"मावशी, जरा भरभर?" देवदत्त चाचरत म्हणाले.

"घाई हाय तर या की आत!"

पाहुणे निमूट पाय धुऊन उतरले. दोन पावलांत त्यांनाही नमस्कार जमला.

दिवस मावळताना देवदत्तांनी रस चाखला, डोळे मिटले. "बाग ठेवा. दरवर्षीचा सगळा माल माझा."

जयराजनं मान खाली घालून जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. हवालदारांना भरून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ते ऊन पाणी आणायला गेले, आणि आले ते थेट मनुबाईंचे गुडघ्यापर्यंत लाल झालेले पाय धुवायला बसले. पाय धुतला आणि त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला.

"आवं, माणसं बघत्यात!" मनुबाईंनी पाय मागं घेतला.

"बघू देत की," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुढं ओढला.