आकारामचा आरसा

पेठेत फ्लेक्सचं मशीन आलं आणि पेंटर लोकांचे हात रिकामे झाले. यल्लाप्पा पेंटरचे हात आणि घर दोन्ही एकाच वर्षात रिकामे झाले. बोर्डाची कामं गेली म्हणून तो चारचौघांत मशीनवाल्याला शिव्या घालायचा. बायको ललिता गेली त्याबद्दल मात्र कुणाला काय घालणार? मुलगी लग्न होऊन कुरुंदवाडला होती, ती सणावारी यायची आणि डबे भरून ठेवून जायची.

पहिल्या स्मृतिदिनाला ललिताचं ऑइलमधलं पोर्ट्रेट भिंतीवर असावं, असं त्यानं ठरवलं. शिवाजी पेठेतल्या निम्म्या दुकानांचे वारलेले मालक त्याच्याच हातून गल्ल्यामागच्या भिंतीवर चढले होते. घरचं माणूस तेवढं राहिलं होतं.

तिचा एकटीचा असा फोटो एकच. नेसरीला माहेरी जाताना वाटेत कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. डोईवर पदर, दोन्ही खांदे झाकलेले, भुवईत जुनी खोक, आणि नजर अशी की फोटोवाल्यानं आताच तिच्याकडनं उसनी परात नेलीय आणि ती काही परत येणार नाही.

त्या फोटोवरून त्यानं कॅनव्हासवर चौकोन आखले आणि कामाला लागला. ही बातमी त्याच्या दोन दोस्तांना लागली. एक आकाराम, जन्मभर ट्रकच्या मागं मोर आणि वाघ काढलेला. दुसरे गुंडू मास्तर, शाळेतले ड्रॉइंगचे, रिटायर. ललिता होती तोवर हे दोघं दर रविवारी कलेवर चर्चा करायला यायचे, म्हणजे तिच्या हातचा चहा आणि भजी खायला यायचे. ती गेल्यावरही काही रविवार आले, फरशीकडं बघत बसले, मग येणं विरळ झालं. त्यांचा तरी काय दोष? दुःखाच्या घरी माणूस किती वेळा बसणार? पण आता तिथं खोड काढण्याजोगं काही उभं राहिलं होतं, आणि खोड काढायला मिळणार असेल तर कोल्हापूरचा माणूस जेवणावरून उठून येतो.

त्यांचा जुना नेम होता: ज्याचं चित्र त्यानं चहा करायचा आणि तोंड मिटून ऐकायचं. यल्लाप्पा चहा करायचा आणि ऐकायचा. पहिल्या रविवारी मास्तरांनी कानातल्या फुलाची तारीफ केली आणि बाकी सगळं मोडीत काढलं. गालावरची सावली मेलेली होती. नाकाच्या शेंड्यावरचा उजेड दुकानातल्या बल्बचा होता. यल्लाप्पानं आठवडाभर राबून दोन्ही सुधारलं. पुढच्या रविवारी ओठ मोडीत निघाले, त्याच्या पुढच्या रविवारी हनुवटी. एकेक करत सगळं फोटोबरहुकूम झालं आणि तरी आकाराम मान हलवायचा.

"नाक बरोबर, डोळं बरोबर, पर ह्या वैनी न्हाईत. वैनींची थोरली भन काढलीयास तू."

"फोटोत हाय तसंच हाय," यल्लाप्पा नेम मोडून म्हणाला. "फोटो खोटं बोलतो व्हय?"

चित्र जमत नाही म्हणून त्याला रात्री झोप लागत नव्हती. आणि चित्र जमत नाही म्हणून रविवारी दारात दोन जोडी चपला दिसत होत्या. नफ्यातोट्याची अशी सरमिसळ त्याच्या धंद्यात पूर्वी कधी झाली नव्हती.

एका रविवारी आकाराम पिशवीतून आपला दाढीचा आरसा घेऊन आला. पेंटरांची ती जुनी युक्ती. चित्र रोज बघून डोळा सरावतो. आरशात उलटं बघितलं की दडलेली चूक उडी मारून पुढं येते. तो चित्राकडं पाठ करून उभा राहिला, आरसा खांद्याच्या वर धरला आणि चुका मोजायला लागला. पण मोजल्याच नाहीत. मास्तरांची बाही ओढून त्यांना जवळ आणलं. मास्तरांनी आरशात बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

यल्लाप्पा चहा घेऊन आला.

"बघ," आकाराम म्हणाला.

आरशात ललिता होती. जेवल्याबिगर कुठं निघालासा, असं आता विचारणार होती.

मास्तरांनी हिशेब मांडला. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी घालून छापली असणार. डोईवर पदर, दोन्ही खांदे झाकलेले, मग पदर उलट्या खांद्यावर गेलाय हे कुणाला कळणार? यल्लाप्पाला पटेना. तेव्हा मास्तरांनी साधंच विचारलं, "खोक कुठल्या भुवईत होती त्यांच्या?"

यल्लाप्पाला सांगता येईना. एवढा संसार झाला आणि बायकोची भुवई त्याला फोटोत बघावी लागत होती. त्यानं डोळे मिटले. कापडदुकानाचा बोर्ड, घसरलेली शिडी, खालून शिडी धरून उभी असलेली ललिता. तो उडी मारून उतरला होता आणि तिच्यासमोर उभा राहून भुवईवर फडकं दाबलं होतं. कुठल्या हातानं? डाव्या. उजव्या हातात ओला ब्रश होता, तो त्यानं तेव्हाही खाली ठेवला नव्हता. समोरच्या माणसाला डावा हात लावला तर तो त्याच्या उजव्या बाजूला लागतो. चित्रात खोक डाव्या भुवईत होती.

"उजव्या," तो म्हणाला. ब्रशचं काही बोलला नाही.

आकारामनं आरसा तिथंच ठेवला. यल्लाप्पानं तो खिळ्याला टांगला, फोटो त्यासमोर धरला आणि आरशातली ललिता नव्या कॅनव्हासवर उतरवली. या वेळी हात कुठं अडला नाही. स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली, माणसं जमली, हुबेहूब म्हणाली, जेवली आणि गेली. आकाराम बराच वेळ चित्रासमोर उभा होता. "झालं त्ये. आता हात लावू नगंस," एवढंच बोलला. मास्तरांनीही खोड काढली नाही.

पुढच्या रविवारी यल्लाप्पानं तीन कप मांडले. मास्तर पुण्याला पोराकडं गेले होते, हे त्याला ठाऊक होतं, तरी मांडले. चहा उकळून काळा झाला. बऱ्याच वेळानं आकाराम आला. इतके दिवस अंदाजानं दाढी करून त्याच्या हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

आरसा न्यायला आलोय, बसत नाही, असं त्यानं दारातूनच सांगितलं. आत येऊन खिळ्यावरचा आरसा काढला, सदऱ्याला पुसला.

"आलाईस तर बघून जा की एकदा," यल्लाप्पा म्हणाला.

"बघितलं की त्या दिशी."

"असंल की काय तरी. नीट बघ."

आकारामला तेव्हा कप दिसले. तो वळला आणि चित्रासमोर उभा राहिला. यल्लाप्पा नेमाप्रमाणं चहा टाकायला गेला आणि तोंड मिटून ऐकत राहिला.

"कानातलं फूल," आकाराम सावकाश म्हणाला, "जरा वर गेल्यागत वाटतंय."

एक त्या फुलालाच पहिल्या रविवारपासून कुणी नाव ठेवलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"व्हय?" यल्लाप्पा म्हणाला. "बघतो."

आकारामनं आरसा परत खिळ्याला टांगला. "ह्यो राहू दे हितंच. पुढल्या रविवारी बघू." मग त्यानं बसून चहा घेतला आणि हनुवटी चोळत गेला.

यल्लाप्पानं दोन कप विसळले. तिसरा कोराच होता, तो तसाच उपडा घातला. मग ब्रश घेऊन चित्रासमोर बसला आणि दिवेलागणीपर्यंत त्या फुलाला हात न लावता बसून राहिला.