कलिंगड घेऊन बसलेला माणूस

मास्तरांच्या गाडीत तो दिवा लागला तेव्हा त्यांचे सासरे समोरच्या सीटवर बसून, दोन्ही पाय डॅशबोर्डवर टाकून, नेलकटरने अंगठ्याचं नख कापत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या गाडीत एक माणूस कलिंगड घेऊन बसलाय."

मास्तरांनी काट्यांकडे पाहिलं. वेगाच्या काट्याखाली एक लाल चित्र पेटलं होतं. पट्टा बांधून बसलेला माणूस आणि त्याच्या तोंडासमोर भलामोठा गोल गोळा. मास्तरांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, मान वळवून पुन्हा पाहिलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

मास्तर तलावावर पोहायला शिकवायचे. माणूस मुळातच जपून वागणारा. पोरांना पाण्यात सोडण्याआधी ते पायऱ्या पुसून घ्यायचे, आणि पोरं पाण्यातून बाहेर आली की पुन्हा पुसायचे. गळ्यातली शिट्टी सुट्टीच्या दिवशीही उतरत नसे. घरात कोणी ओल्या पायांनी चाललं की ती वाजायची. त्यांची बायको चष्म्यांच्या दुकानात नंबर तपासायची. तिला त्या शिट्टीची इतकी सवय झाली होती की कुकरच्या आणि नवऱ्याच्या शिट्टीत तिला आता फरक कळत नसे.

सासऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी जन्मभर शहर बस चालवली होती. निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या शेजारी बसून जायची वेळच आली नव्हती, त्यामुळे ते आता मास्तरांच्या गाडीत बसले की उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. त्यापायी मॅटला भोक पडलं होतं. म्हणून तर लेकीने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, पाय दुसरीकडे कुठेतरी ठेवा." ते त्यांनी डॅशबोर्डवर ठेवले.

आज त्यांना टेकडीपलीकडच्या गावी जायचं होतं. "एका जुन्या सहकाऱ्याला भेटायचंय," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण सहकाऱ्याला भेटायला कोणी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस काळे करून, दाढी करताना हनुवटी कापून घेऊन निघत नाही, हे मागे बसलेल्या लेकीच्या लक्षात आलं होतं.

मास्तरांनी कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं. हा दिवा विझला नाही तर एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे असं समजावं. धडक बसल्यास एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. ताबडतोब तपासणी करून घ्यावी.

"म्हणजे ती फुटणार नाही," सासरे म्हणाले. "मग घाबरायचं कशाला? न फुटणाऱ्या बॉम्बला कोण भितं?"

"बाबा, तो बॉम्ब नाही, उशी आहे," मास्तर म्हणाले. "डोकं आपटू नये म्हणून ठेवलेली."

"उशी पाहिजे तर घरून आणू की! माझी कापसाची आहे."

मास्तर खाली उतरले आणि गॅरेजला फोन लावू लागले. ते परत येऊन बसले तेव्हा लाल चित्र नाहीसं झालं होतं.

"गेला दिवा," सासरे समाधानाने म्हणाले.

मास्तरांनी वाकून पाहिलं. दिव्यावर एक छोटी चिकटपट्टी लावलेली होती, औषधाची. ती मघापर्यंत सासऱ्यांच्या हनुवटीवर होती. हनुवटीवरून आता एक लाल थेंब इस्त्रीच्या कॉलरकडे निघाला होता.

मास्तरांनी शिट्टी वाजवली.

"समोरची सीट बंद! बाबा, तुम्ही मागे."

"मी? मागे?" सासरे थक्क झाले. "मागे पॅसेंजर बसतात!"

"तुम्ही पॅसेंजरच आहात."

हे शब्द सासऱ्यांना फार लागले. ते उतरले, गाडीला वळसा घातला, चारही चाकांवर एकेक लाथ मारून हवा तपासली आणि मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. लेकीने त्यांचा पट्टा लावला. कॉलरला रुमाल लावला. मग तिने सहज विचारलं, "अहो, पण तुमच्यासमोरची उशी तरी उघडेल का?"

मास्तरांनी स्टीअरिंगकडे पाहिलं. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांनी सीट मागे सरकवली, पाठ ताठ केली, पट्टा ओढून पाहिला आणि गाडी इतकी हळू चालवायला घेतली की बाळाची गाडी ढकलत निघालेली एक बाई त्यांच्या पुढे गेली. बाळाने वळून पाहिलं. मागून सासरे ओरडत होते, "ब्रेक! अहो ब्रेक!" आणि पुढे ब्रेक मारण्यासारखं काहीही नव्हतं.

गॅरेज एका बाईचं होतं. हातात पाना, डोक्याला फडकं, आणि स्वभावाने भलतीच चौकस. सासऱ्यांनी उतरताउतरताच तिला कलिंगडवाल्या माणसाबद्दल सांगून टाकलं. तिने आधी दिव्यावरची चिकटपट्टी नखाने उचलून तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. सासऱ्यांच्या हनुवटीवर तिची नजर थांबली.

"पुढच्या सीटखाली काही सामान ठेवलंय का?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"छे, छे, काहीच नाही," सासरे जरा जास्तच घाईने म्हणाले.

गॅरेजवालीने बॅटरीची वायर काढली आणि चक्क एका टायरवर जाऊन बसली.

"आता काय?" मास्तरांनी विचारलं.

"आता थांबायचं. उरलासुरला करंट उतरू द्यायचा. घाई केली तर उशी माझ्या तोंडावर यायची. कुठे निघालात?"

"सहकाऱ्याकडे," सासरे म्हणाले.

"सेंट छान आहे," गॅरेजवाली म्हणाली.

सासरे भिंतीवर टांगलेले पट्टे मोठ्या आवडीने बघू लागले.

थोड्या वेळाने ती उठली, सीटखाली हात घातला, काहीतरी ओढलं, ते अडकलं, पुन्हा ओढलं, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेलं, गुलाबी रिबीन बांधलेलं एक चपटं बोचकं बाहेर आलं. त्याच्याबरोबर पिवळ्या जोडाची एक वायरही अर्धवट निसटून लोंबत आली.

"हे बघा तुमचं कलिंगड," ती म्हणाली. "ह्याने दाबून जोड सैल केलाय. कोणाचं आहे?"

सासरे भिंतीवरच्या पट्ट्यांच्या आणखी जवळ सरकले.

"बाबा?" लेक म्हणाली.

"स्टूल आहे," सासरे भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "घडीचं."

"कोणासाठी?"

"कंडक्टरबाईंसाठी. माझ्या बसवर होत्या त्या. सगळी नोकरी उभ्याने केली त्यांनी. मी बसलेला आणि त्या उभ्या. मला आरशात रोज दिसायचं."

"आरशात मागची वाहतूक बघायची असते," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचा हात शिट्टीवरून आपोआप खाली आला.

"त्यांनी लग्न केलं नाही," सासरे पुढे म्हणाले. "मी आज विचारणार आहे. तुला आधी सांगायला हवं होतं. पण कसं सांगतात ते कळेना, म्हणून सीटखाली ढकललं."

लेक टायरवर बसली. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर बाबा रोज ड्यूटीवरून येऊन एकटे जेवायचे आणि ताट धुऊन उपडं घालायचे. उपड्या घातलेल्या त्या एका ताटाकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. गॅरेजवालीसुद्धा पाना हातात धरून, श्वास रोखून उभी होती.

"बाबा, इकडे या," लेक शेवटी म्हणाली.

ते आले.

"कान काळा झालाय तुमचा. कलप लागलाय."

तिने पर्समधून चष्मे पुसायचं औषध आणि मऊ फडकं काढलं, त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि कान चोळून चोळून पुसायला लागली. ते शाळेतल्या पोरासारखे मान वाकडी करून बसले. "गुदगुल्या होतात," ते म्हणाले. "होऊ द्या," ती म्हणाली आणि दुसराही कान पुसला.

गॅरेजवालीने नाक ओढलं, जोड घट्ट बसवला, वायर क्लिपमध्ये अडकवली, बॅटरी जोडली आणि तिच्या यंत्राने जुन्या बिघाडाची नोंद पुसून टाकली. किल्ली फिरवल्यावर लाल चित्र क्षणभर पेटलं आणि विझलं. "असं पेटून विझलं की सगळं ठीक. सीटखाली पुन्हा काही कोंबू नका," ती म्हणाली. "आणि आता निघा हो लवकर! बाई वाट बघत असतील!"

सासरे पुन्हा पुढे बसले. पाय खाली, पट्टा छातीवरून, सीट मागे. फक्त बोचकं मांडीवर घेऊ द्या म्हणून त्यांनी हट्ट धरला.

"मांडीवर काही नको," मास्तर म्हणाले. "उशी उघडली तर स्टूल सरळ तुमच्या पोटात."

"अहो, मी लग्नाला मागणी घालायला चाललोय. डिकीतून काढून देऊ?"

"डिकीतून काढून द्या. पोट शाबूत ठेवून द्या."

स्टूल डिकीत गेलं.

कंडक्टरबाई एका दुमजली घराच्या तळमजल्यावर राहत होत्या. दार उघडलं तेव्हा सगळ्यांना आधी त्यांचा ताठ कणा दिसला आणि मग त्या दिसल्या. अंगाने बारीक होत्या, पण उंबरठ्यावर पाय असे फाकवून उभ्या होत्या की घर गचका घेऊन वळलं असतं तरी त्या पडल्या नसत्या.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाठ केलेलं भाषण तिथेच सांडलं. त्यांनी बोचकं पुढे केलं. बाईंनी रिबीन सोडली, तिची नीट गुंडाळी केली, स्टूल उघडलं, अंगणात ठेवलं, दाबून पाहिलं आणि बसल्या.

"उंची बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बोला."

"बाई," सासरे म्हणाले, "इतकी वर्षं एका बसवर काढली आपण. तुम्ही माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाहीत."

"पाटी होती ना. चालकाशी बोलू नये."

"ती पॅसेंजरांसाठी होती!"

"पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं."

"मग थांब्यावर तरी बोलायचं!"

"थांब्यावर तुम्ही खिडकीतून दुसऱ्या ड्रायव्हरांशी भांडत असायचात. मी दोनदा खाकरले होते. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

सासरे एवढेसे झाले. मग त्यांनी कॉलर सारखी केली आणि पुटपुटले, "माझ्याशी लग्न कराल का?"

"मोठ्याने बोला. मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"माझ्याशी लग्न कराल का?" सासरे ओरडले.

वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. साबण लावलेल्या गालांचे एक गृहस्थ कमरेपर्यंत बाहेर आले.

"बाई, थांबा! उत्तर देऊ नका!" ते ओरडले. "मी रविवारी विचारणार होतो!"

मास्तरांनी त्यांचं लोंबणं पाहिलं आणि जोरात शिट्टी फुंकली. "आधी आत व्हा! पडाल!"

गृहस्थ दचकून आत गेले आणि फक्त डोकं बाहेर काढून म्हणाले, "पोस्टात होतो मी. चाळीस पत्रं लिहून ठेवलीत."

"टाकली का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"वरून खाली टाकायला तिकीट लावतात का, ते ठरेना."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी वर पाहिलं, समोर पाहिलं, आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "करते. पण माझं घर सोडणार नाही. आत या, चहा टाकलाय." मग पुन्हा वर मान करून, "तुम्हीही या. तोंड धुऊन या."

पोस्टवाले आले. फुगून बसले, बिस्किटांची बशी एकट्याने संपवली, आणि लेकीने त्यांच्या चष्म्याची वाकडी झालेली दांडी सरळ करून दिल्यावर थोडे निवळले. पुढच्या महिन्यात लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून सही त्यांनीच केली, पण पेन टेबलावर आपटून. सासरे बाईंच्या घरी राहायला गेले. आता तिथे सकाळपासून एवढ्या गप्पा चालतात, की पोस्टवाल्यांनी एक्केचाळिसावं पत्र लिहून तिकीट लावून खाली टाकलं: कृपया हळू बोलावे.