पेटभर पाजवलेला वस्तरा

सोमनाथच्या हातून आजवर एक काम धड झालं असेल तर शपथ, असं त्याचे दाजी मुरलीधर म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भाच्याच्या बारशाला हा गडी खोर फक्कानहून निघाला खरा, पण दुबईच्या करामा भागात येऊन शेजारच्याच बिल्डिंगमध्ये शिरला. तिथं कुणा गुजराती कुटुंबाकडे चहा पीत बसला आणि इकडे बारसं उरकलं. म्हणून जावळाचा विषय निघाला तेव्हा मुरलीधरांनी बायकोला बजावलं, "स्मिता, मामाची मांडी लागते ना, तेवढीच घेऊ. बाकी काही त्याच्यावर सोपवू नकोस, प्लीज."

पण सोमनाथ ऐकतोय होय! "वस्तरा मी आणणार, न्हावी मी आणणार. मामा कशाला झालोय मग?" त्यानं फोनवर जाहीर करून टाकलं.

त्या वस्तऱ्याच्या दोन अटी होत्या, आणि दोन्ही स्मिताच्या. अंश जन्मला तो अशक्त. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होता. एवढ्याशा हाताला शीर सापडेना, म्हणून डॉक्टरांनी उजव्या कानाच्या वर, डोक्यातल्या शिरेत सुई घातली होती. स्मितानं ते काचेतून पाहिलं, आणि पोर गुटगुटीत होऊन रांगायला लागलं तरी तिच्या डोळ्यांपुढून ते काही जाईना. टाळू भरतानासुद्धा तिचा हात त्या जागेपाशी थबकायचा. जावळ तिलाही करायचं होतं, तेही वर्षाच्या आत, कारण वर्ष उलटलं की थेट तिसऱ्या वर्षावर जातं. पण वस्तरा कोरा हवा, कुणाच्या गालाला न लागलेला. आणि लेकराच्या डोक्यावर रक्ताचा थेंब दिसता कामा नये.

"एक थेंब जरी दिसला ना सोम्या, तर मी आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. एरवी असलं बोलून ती हसायची. या वेळी हसली नाही.

त्यानं शारजाच्या बाजारातून जर्मन वस्तरा घेतला. मखमलीच्या डबीत ठेवलेला, आरशासारखा चकचकीत. मग अजमानच्या सलूनमध्ये काम करणाऱ्या दगडूला फोन लावला. दगडू त्याच्या शेजारच्या गावचा, पिढीजात कारागीर. म्हातारा नव्हे, पण बोलायचा म्हाताऱ्यासारखा.

"नवा हाय न्हवं? मग त्याला धार नसती," दगडू म्हणाला. "कारखान्यातनं नुसता नटून येतोय. पाजवल्याबिगर डोस्क्याला लावायचा न्हाई. मला दुकानातनं शुक्रवारी सकाळचीच सुट्टी. तवा तूच तिकडं कुणाकडनं तरी चांगला पाजवून आण."

आता पाजवणं म्हणजे धार लावणं, हे मराठी माणसाला काय सांगायचं? सोमनाथलाही ते ठाऊक होतंच. घात झाला तो हिंदीत.

सोमनाथ खोर फक्कानच्या बंदरात कामाला होता, तिथल्या वर्कशॉपमध्ये तय्यब नावाचा पेशावरी मिस्त्री होता. त्याच्याकडे बारीकबारीक दगडांची चाकं होती, हात सोन्यासारखा होता आणि सोमनाथवर जीव होता. सोमनाथनं डबी त्याच्यापुढे उघडली आणि मनातल्या मराठीची सरळ हिंदी केली. "तय्यबभाई, ये बच्चे के सर का काम है. इसको अच्छा पिलाके दो."

"पिलाके?" तय्यबनं वस्तरा उलटासुलटा करून पाहिला.

"हां, नया है ना. अभी तक एक बार भी नहीं पिलाया."

"कितना पिलाऊं?"

"पेट भरके!"

तय्यब शहाणा माणूस. नवं लोखंड, शेजारी खारा समुद्र, तेल न पाजलं तर दोन दिवसांत गंज धरणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं वर्कशॉपमधलं उत्तम मशीन ऑइल काढलं, वस्तरा त्यात दिवस-रात्र बुडवून ठेवला, मऊ फडक्यानं पुसला आणि परत दिला. "अब ये जिंदगी में प्यासा नहीं रहेगा," तो म्हणाला. सोमनाथला ते बोलणं फार आवडलं. धारेचा पठाणी वाक्प्रचार असेल, असं समजून त्यानं डबी खिशात टाकली.

शुक्रवारी सकाळी डोंगर ओलांडून सोमनाथ करामात पोचला. या वेळी बरोबर बिल्डिंगमध्ये, बरोबर मजल्यावर आणि वेळेच्या आधी. मुरलीधरांनी घड्याळ दोनदा पाहिलं. पाठोपाठ दगडू आला, कापडी पिशवीत कंगवा, वाटी आणि कात्री घेऊन. पाट मांडला, औक्षण झालं, सोमनाथ मांडी घालून बसला आणि अंशला मांडीवर घेतलं. पोरगं मामाच्या शर्टाचं बटण चघळायला लागलं. दगडूनं कात्रीनं वरवरचे केस उतरवले, बाकीचे कोमट पाण्यानं भिजवले आणि वस्तरा उघडला.

डोक्याला लावायच्या आधी त्यानं तो स्वतःच्या मनगटावरच्या केसांवरून फिरवला. एकही केस तुटला नाही. दुसऱ्यांदा फिरवला. केस आपले जिथल्या तिथे, वर तेलाचा चकचकीत पट्टा तेवढा उमटला.

"सोमनाथ, ह्यो पाजवलाय का?"

"पाजवलाय की! तय्यबनं पेटभर पाजवलाय."

दगडूनं पातं नाकाशी नेलं. "काय पाजवलंय ह्याला?"

"म्हणजे?"

"आरं, ह्याला मशिनीच्या त्येलाचा वास येतोय!"

सोमनाथच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. तय्यबचा तो प्रश्न, "कितना पिलाऊं", आणि आपण ऐटीत दिलेलं उत्तर. त्याचं तोंड खर्रकन उतरलं. "आयला," तो एवढंच म्हणाला. मग सगळं सांगून टाकावं लागलं, मांडीवर भाचा, समोर बहीण आणि डोक्यावर उभे दाजी अशा अवस्थेत. मुरलीधरांनी कपाळाला हात लावला.

"मी सांगितलं होतं स्मिता, आय टोल्ड यू! याला एक ऑइलिंग आणि शार्पनिंगमधला फरक..." ते दगडूकडे वळले. "तुमचा पत्तीचा वस्तरा?"

"दुकानात. धारेची पाथरी बी दुकानात. पाजवून आणतोय म्हनला, तवा कशाला वझं घिऊ? आता अजमानला जाऊन यायला येळ न्हाई. जुम्म्याची नमाज सुटली की गिऱ्हाइकांची रांग लागती, मी नसलो तर मालक खलास करंल मला."

"खालची दुकानंही नमाजेनंतरच उघडणार. मग माझा रेझर घ्या बाथरूममधला."

"तुमच्या दाढीचा?" स्मिता असं म्हणाली की मुरलीधर बाथरूमच्या दारातूनच परतले.

पुढच्या शुक्रवारच्या आतच अंशचं वर्ष भरत होतं. स्मितानं अर्धवट कापलेल्या केसांचं आपलं लेकरू सोमनाथच्या मांडीवरून उचललं. ती रागावली असती तर सोमनाथला बरं वाटलं असतं. ती नुसती हळू आवाजात म्हणाली, "राहू दे सोम्या. नसेल त्याच्या नशिबात." सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार माणसांनी ओरडावं, पण बहिणीनं असं बोलू नये.

"गुळगुळीत दगड न्हाई का घरात?" दगडू म्हणाला. "माझा आजा पाटीच्या तुकड्यावर पाजवायचा. दगडी पाटी, पोरांची. आता हितं दुबईत कुठली पाटी म्हना."

"आहे!" मुरलीधर ओरडले आणि पलंगाखाली घुसले. दसऱ्याला सरस्वती काढायला हवी म्हणून स्मितानं गावाहून दगडी पाटी आणली होती. विमानात ती मांडीवर घेऊन बसल्याबद्दल मुरलीधरांनी तिची वर्षभर टिंगल केली होती. आता तेच ती पाटी शर्टाच्या बाहीनं पुसत बाहेर आले.

"सरस्वतीची पाटी आहे हो ती," स्मिता म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "असू दे. सरस्वतीलाही लेकराची काळजी असेलच."

तिनं आधी वस्तरा साबणानं आणि कढत पाण्यानं धुऊन काढला. दगडूनं लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी घातली, तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं हलकेच फिरवून धारेला तोंड पाडलं. मग पाटीवर पाण्याचे थेंब सोडले, पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवली आणि सुरू केलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. घाई नाही. सुरुवातीला खर्रखर्र आवाज होता, मग तो बारीक होत होत नुसता सळसळता राहिला. सोमनाथ मनातल्या मनात गावच्या भैरोबाला नारळ कबूल करत होता.

"चामड्याचा पट्टा पायजे आता."

सोमनाथनं कमरेचा पट्टा काढून दिला. पँट मोठी होती, ती धरून उभं राहावं लागलं. ते पाहून मुरलीधरांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. पट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला अडकवून दगडूनं वस्तरा त्यावर फटाफट परजला. मग स्मिताचा एक लांब केस मागून घेतला, चिमटीत लोंबता धरला आणि पातं टेकवलं. केस तुटून खाली पडला.

"झालं?" स्मितानं विचारलं.

"केस तुटला म्हंजी धार आली. पर कातडीवर कसा चालतोय ते कळत न्हाई. कुनाच्या तरी गालावर फिरवल्याबिगर मी तान्ह्याच्या डोस्क्याला लावायचा न्हाई, ताई. पर तुमाला तर कोरा पायजे."

स्मितानं वस्तऱ्याकडे पाहिलं, मग पँट धरून उभ्या असलेल्या भावाकडे. "मामाच्या गालाला लागला तर कोराच म्हणायचा," ती म्हणाली. "बस सोम्या."

सोमनाथ बसला. दगडूनं साबण लावला. सोमनाथनं डोळे घट्ट मिटले. कापलं तर आपलं कापेल, पण मग जावळही गेलं, हे त्याला कळत होतं. गालावर काहीच जाणवेना, नुसता पंख्याचा वारा.

"कर की लवकर दगडूभाऊ!"

"आरं, झाला की कवाच. ह्यो गाल बी झाला आन् त्यो बी."

सोमनाथनं हात फिरवला. गाल अंशच्या गालासारखा मऊ, आणि बोटांना ओल लागली ती पाण्याची. त्याला एवढं हायसं वाटलं की तो त्या साबणाच्या तोंडानंच हसायला लागला. स्मितानं वस्तरा पुन्हा कढत पाण्यातून काढला आणि डेटॉलनं पुसला.

मग काय, अंश परत मांडीवर आला. एवढ्या गोंधळानं दमून त्याला डुलकी लागली होती. दगडू कपाळापासून मागे जाऊ लागला, केस लोण्यासारखे उतरत होते. "उजव्या कानावर सुईची खूण आहे, तिथं जपून," एवढं सांगून स्मिता स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. उजव्या कानापाशी आल्यावर दगडूचा हात थांबला.

"ताई, हितंच काय तरी हाय म्हनला हुता ना?"

स्मिता वळली, धावत आली, वाकली. नितळ, गोरंपान डोकं. तिनं बोटानं ती जागा शोधली, मग थोडी वर, थोडी खाली. "इथंच होतं हो," ती मुरलीधरांना म्हणाली. "मी पाहिलं होतं. इथं टोचलेलं होतं." मुरलीधरांनी चष्मा लावून पाहिलं. खूण नव्हती की वण नव्हता. रक्ताचा थेंब तर नव्हताच. स्मितानं त्या जागेवर ओठ टेकवले आणि हमसून हमसून रडायला लागली, पण ते रडणं बरं होतं, हे सगळ्यांनाच कळलं. सोमनाथचेही डोळे भरले. आपली बहीण आपल्याशी आयुष्यभर बोलणार होती.

तेवढ्यात अंश जागा झाला. डोक्याला गार लागलं म्हणून असेल, नाहीतर भूक लागली म्हणून, त्यानं भोकाड पसरलं. स्मितानं डोळे पुसले आणि हात पुढे केले.

"दे सोम्या इकडे, पाजते त्याला."

सोमनाथनं भाच्याला तिच्या हातात दिलं. आणि मुरलीधर, गंभीर चेहऱ्यानं, म्हणाले, "सोमनाथ, हे मात्र तू हिंदीत कुणाला सांगू नकोस हं."