आवाजाचं बटण

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याच्यासमोर टेबलावर हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडला होता. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, काळ्या पत्र्याच्या पेटीतला, त्याने स्वतःच हौसेने जोडलेला. आता त्यात सुधारणा चालल्या होत्या. जुने कंडेन्सर काढून झाले होते, नवे डबीत तयार होते आणि दोन नवे व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवले होते. चहा घेऊन आलेल्या वहिनीला तो खुर्चीत एका बाजूला कललेला दिसला. सोल्डरिंगची गन तापलेलीच होती.

दादा दवाखान्यातून घरी आला तो उजवा हात आणि बोलणं तिथेच ठेवून. पाय ओढत का होईना चालायचा. ऐकू स्वच्छ यायचं, समजायचंही सगळं. पण बोलायला गेला की तोंडातून एकच शब्द निघायचा. बुधवार. पाणी हवं, बुधवार. पंखा बंद कर, बुधवार. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की असं होतं, एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो, त्याचा अर्थ शोधत बसू नका. तरी घरातल्या प्रत्येकाने तो शोधून पाहिलाच.

या माणसाने उभा जन्म स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यात घालवला होता. गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला हे तो काचेपलीकडून सांगायचा. झटका यायच्या थोडे दिवस आधी धाकट्या भावाला म्हणाला होता, "सध्याचा आवाज कसा आहे माहितीये? दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा. जड. हे व्हॉल्व्ह बदलू दे, मग येऊन ऐक."

धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याला काडीचाही रस नव्हता. दादा बोलायला लागला की तो मान डोलवायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. म्हणून वहिनीने त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तो दचकलाच.

"भाऊजी, ते एकदाचं पुरं तरी करा, नाहीतर झाकून तरी ठेवा. दिवसभर त्याच्यापुढे बसून असतात. काल मी फडकं मारायला गेले तर माझा हात धरला."

"वहिनी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? पण तुमचा हात हलका आहे. एवढेसे ते चष्म्याचे स्क्रू बसवता."

नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले, दुकानातले चिमटे आणि भिंग पिशवीत घातले आणि रविवारी सकाळी दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

सुरुवात झकास झाली. दादा डाव्या बोटाने जागा दाखवायचा, धाकटा कंडेन्सर तिथे धरायचा. चूक असली की दादा बोट हलवायचा, बरोबर असली की टेबलावर टिचकी मारायचा, मग धाकटा गनने डाख द्यायचा. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या.

कंडेन्सर बसल्यावर धाकट्याने पेटी चालू करून पाहिली. जुनेच व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, पण हेडफोनमध्ये नुसती घरघर. त्याने बटण बंद केलं, भिंतीतली पिन काढली आणि कुठली तार सुटलीय ते बघायला पेटीवर वाकला.

"बुधवार," दादा म्हणाला.

"हो रे, बघतो."

"बुधवार! बुधवार!"

"अरे पिन काढलीय. ही बघ." त्याने पिन उचलून दाखवली.

दादाने त्याची बाही पकडली. चेहरा लालबुंद झाला होता. त्याला दुसरंच काहीतरी आधी करायला हवंय असं धाकट्याला वाटलं. त्याने ती बोटं हळूच सोडवली. "थांब ना जरा. एक एक करू." आणि त्याने हात आत घातला.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. तो खुर्चीसकट मागे पडला होता. कोपरापर्यंत हात बधिर होता आणि तळव्यावर पांढरा चट्टा उठला होता. वहिनी ओरडत आली. "मी बरा आहे, बरा आहे," असं तो म्हणत राहिला, पण त्याचे दात वाजत होते. तेवढ्यात त्याला फटाफट आवाज ऐकू आला. दादा डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर चापट्या मारत होता. वहिनीने धावत जाऊन तो हात धरला, छातीशी घट्ट दाबून ठेवला, तेव्हा कुठे तो थांबला.

मग स्टुडिओतल्या लंबूला बोलावलं. लंबू उंचीने धाकट्याच्या खांद्याला लागायचा. हे नाव दादानेच ठेवलेलं. त्याने पेटी पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"पिन काढली तरी या मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. आधी तो उतरवायचा असतो. नशीबवान आहेस. तेच सांगत असणार तो तुला."

"ते कळलं मला," धाकटा म्हणाला. "नंतर."

लंबू दादाच्या कानाशी वाकून मोठ्याने ओरडला, "काय, कसं वाटतंय आता?"

"अहो, कान शाबूत आहेत त्यांचे," वहिनी म्हणाली.

लंबूने घरघर घालवली, नवे व्हॉल्व्ह बसवले आणि मग अडला. या व्हॉल्व्हबरोबर एक रेझिस्टन्स, करंट आवरणारा बारीकसा तुकडा, बदलावा लागतो आणि दादाने दोन वेगवेगळे आणून ठेवले होते. एकाने आवाज मोकळा, लखलखीत झाला असता, दुसऱ्याने गोडसर. दोन्ही बरोबर. दादाच्या मनात कुठला होता, एवढाच प्रश्न.

लंबूने दोन हातांत दोन धरले. "सांग राजा, कुठला?"

दादाने एका हाताकडे बोट केलं.

लंबूने खात्रीसाठी हात पाठीमागे नेऊन रेझिस्टन्स अदलाबदल केले आणि पुन्हा पुढे धरले. दादाचं बोट पुन्हा त्याच हाताकडे गेलं. पुन्हा बदलले, पुन्हा तोच हात. डावीकडचा. तो रेझिस्टन्स निवडतच नव्हता, त्याचं बोट आपलं डावीकडे जात होतं. ते आधी दादाच्याच लक्षात आलं. त्याने बोट खाली घेतलं आणि डोळे मिटले. लंबूने स्वतःच्या मनाने एक बसवला.

पण आवाज आला. हेडफोन कानाला लावून दादा कितीतरी वेळ हलला नाही. मग त्याचा अर्धा चेहरा हसला. वहिनीने पदराने डोळे पुसले. लंबूने सगळं श्रेय घेत दोन चहा प्यायले.

सगळं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण धाकट्याला एक गोष्ट दिसली. आवाजाचं बटण पेटीच्या उजव्या टोकाला होतं. आवाज कमीजास्त करायला दादाला डावा हात अंगावरून पलीकडे न्यावा लागायचा, त्यात तो कलायचा, हेडफोनची तार ओढली जायची. दुसऱ्या रविवारी धाकटा पेटीची पुढची पट्टी सोडवून दुकानात घेऊन गेला. "लंबूने पॉलिश करायला सांगितलंय," अशी थाप त्याने दादाला मारली. त्याला चकित करायचं होतं. पट्टीला डावीकडे नवं भोक पाडलं, कड इतकी गुळगुळीत घासली की बोट फिरवलं तरी कळू नये, उजवीकडचं जुनं भोक पितळी टोपीने झाकलं. दादा दुपारी झोपला असताना लंबूने येऊन तारा लांबवून दिल्या. काम देखणं झालं होतं. धाकट्याला स्वतःचाच हेवा वाटावा इतकं.

"हे बघ दादा! आता हात पलीकडे न्यायला नको."

दादाने बटणाकडे पाहिलं. मग मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा बटणाकडे. त्याने पेटी टेबलाच्या कडेपर्यंत ढकलली, खुर्चीचा आधार घेत उठला आणि पाय ओढत आतल्या खोलीत निघून गेला.

"काय झालं? मी काय केलं?"

वहिनी दाराकडे बघत होती. "रोज सकाळी तो रबरी चेंडू उजव्या हातात ठेवतात," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि दाबायला बघतात. बोटं हलत नाहीत. तरी बघतात."

हात परत येणार नाही हे डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. दादाला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता. प्रत्येक जण म्हणायचा, कुणीतरी सांगेल, सवडीने सांगेल. धाकट्याने ते पट्टीला भोक पाडून सांगितलं होतं.

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, भाऊजी," वहिनी म्हणाली, आणि त्यामुळे त्याला आणखीच मेल्यासारखं झालं.

तो आत गेला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "चुकलं माझं," धाकटा म्हणाला. "पुन्हा होतं तसं करून देतो." दादा वळला नाही. आणखी काय बोलावं? हात बरा होईल म्हणावं तर ते खोटं, होणार नाही म्हणावं तर ते आत्ताच सांगून झालेलं. तो थोडा वेळ पलंगाच्या कडेवर बसला आणि उठून आला.

बटण पुन्हा उजवीकडे गेलं. काही दिवस दादा टेबलाकडे फिरकला नाही. मग एका दुपारी वहिनीने फोन केला, "बसलेत आज ऐकत." धाकट्याने दुकान लवकर बंद केलं आणि आला, पण आत जायचं धैर्य होईना, म्हणून दारातच उभा राहिला.

दादाने डावा हात अंगावरून पलीकडे नेला. शरीर कललं, खांदा पुढे आला, बोटं बटणापर्यंत पोचली. बटण जरा जास्तच फिरलं, तो दचकला, पुन्हा मागे फिरवलं. तार ओढली जाऊन हेडफोन एका कानावरून सरकला. तो नीट करण्यासाठी त्याला बटण सोडावं लागलं, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

धाकट्याचा हात आपोआप पुढे झाला. वहिनीने त्याच्या दंडाला हलकेच स्पर्श केला, आणि तो दारातच उभा राहून बघत राहिला.