पाहुण्यासाठी भरलेली लव्हाळी

साहेब येणार म्हटल्यावर जिवलीने अख्ख्या पाड्याला कामाला जुंपलं.

उमरोळीच्या पुढे नदीकाठी जो सखल तुकडा आहे, त्याला लव्हाळी म्हणतात. पावसाळ्यात नदी तिथे ऐसपैस पसरते. तो तुकडा पक्ष्यांसाठी राखीव, म्हणजे तिथे एक पत्र्याची पाटी होती आणि राखणीला जिवली होती. पाटी केव्हाच गंजली होती. जिवली मात्र पन्नाशीतही ठणठणीत होती आणि तिच्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती.

ब्याण्णव सालचा पाऊस गणपतीनंतर जो गडप झाला तो झालाच. पौषातच लव्हाळीत घोटाभर पाणी उरलं होतं.

"घरी पाव्हना येतो तवा कोन रिकामा रांजन दावतं?" जिवली म्हणाली. "भरा!"

मग लव्हाळीचं खालचं तोंड माती, दगड आणि पळसाच्या फांद्यांनी बांधलं. वरचा ओहोळ वळवून आत घेतला. कुठवर भरायचं यावर थोडी हुज्जत झाली. शेवटी म्हाताऱ्या मंगळ्याने काठावरच्या करंजाच्या झाडाला काठी टेकून सांगितलं, "करंजाच्या मुळापावत." चौथ्या दिवशी पाणी गुडघ्याला आलं आणि बगळेही चकित होऊन परत आले.

साहेब आले ते स्कूटरवरून. पाटबंधारे खात्याचे कृष्णकांत सावे, राहणार चिंचणी. बगलेत फाइल, हातात आकडे रंगवलेली मोजपट्टी. त्यांनी बूट काढून बांधाखाली ठेवले, पाण्यात उतरून पट्टी रोवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! धरणाचं पाणी शेतीला हवं, नळाला हवं, बोईसरच्या कारखान्यांना हवं. पाऊस असा बेभरवशाचा होत चाललाय, तेव्हा म्हटलं लव्हाळीसाठीही वाटा राखून ठेवू. पुढच्या तीस वर्षांचं ठरतंय. पण इथे तर काहीच कमी नाही!" त्यांनी फाइल उघडली आणि गरजेच्या रकान्यात लिहिलं : नाही.

जिवली साहेबांना खूश करायला गेली आणि लव्हाळीच्या तोंडचं पाणी पळवून बसली!

मंगळ्या तिच्या कानाशी लागला. "गप ऱ्हा. फसवलं म्हनून कळलं तं तुजं काम जाईल."

कामाची भीती तिला होतीच. पण गेल्या वैशाखात लव्हाळीच्या भेगांमधून तिने मेलेले मासे टोपलीने वेचले होते. त्यातला एकही तिला खाववला नव्हता. तिने कुदळ उचलली, बांधापाशी गेली आणि चार घावांत तोंड मोकळं केलं.

पाणी धो धो सुटलं. साहेबांचे बूट सर्वांत पुढे निघाले.

"अहो बाई! काय करताय काय?"

"सायेब, ह्ये पानी आमी भरलंय. तुमी येनार म्हनून. तीन दिस खपलो. खरी लव्हाळी खाली हाय, ती बघा आनि मंग ल्हिवा. माजं काम गेलं तं जाऊ द्या."

साहेबांना रागवावं की हसावं कळेना. बूट सापडले, पण दोन्ही डबडबलेले. ते अनवाणीच करंजाखाली बसले. जिवलीने भाकर आणि सुकटीची चटणी पुढे केली. खाता खाता ते पट्टीकडे बघत राहिले. दुपार कलली तेव्हा पाणी घोट्यावर येऊन थांबलं होतं.

"एक सांगा," साहेब एकदम म्हणाले. "भरायचंच होतं तर कमरेएवढं का नाही भरलंत?"

"त्ये कसं चालंल?" मंगळ्याला प्रश्नच वेडगळ वाटला. "करंजाच्या वर पानी गेलं तं बगळा उबा ऱ्हात नाय. खाली गेलं तं मासा ऱ्हात नाय. पौषात पानी करंजाच्या मुळालाच असायचं. आमच्या बापाच्या वक्तापासून."

साहेब उठले. पट्टीवर वर ओली खूण होती आणि खाली पाणी होतं. जिला वाचा नाही त्या जागेला किती पाणी लागतं हे विचारायचं कुणाला, म्हणून ते सहा महिने कचेरीत डोकं धरून बसले होते. त्यांनी 'नाही' खोडलं आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून लिहिलं : सव्वा फूट. खाली लिहिलं : मोजणी जिवलीच्या मदतीने.

"पौषाचं झालं," ते ओले बूट हातात घेत म्हणाले. "आता वैशाखाचं कळायला हवं."

"मंग वैशाखात या की," जिवली म्हणाली. "पन सायेब, येन्याआदी सांगू नका."