उमाळ्याचं वळण

"खाला, झाडू नाही तो! दोन्ही हातांनी धरा," मागून भाची कशिश ओरडली आणि हसायला लागली.

दिलशाद सिस्टरनी वल्हं नीट धरलं. कयाक जरा डुलली, मग सरळ झाली. काठावरून मातकट रंगाची ढोकरी उडाली. पांढरे पंख उघडल्यावरच ती तिथं बसली होती हे कळलं. फेब्रुवारी संपत आला होता. शिरूर अनंतपाळकडं येताना वाटेतले सगळे ओढे कोरडेठाक दिसले होते. पण या नदीच्या पोटात झरे होते. गावातले लोक त्यांना उमाळे म्हणत. त्यांच्या जिवावर या एवढ्या पट्ट्यात उन्हाळ्यातही पाणी राहायचं.

कशिशनं नांदेडहून पहाटेच गाडी काढली होती. "तुम्ही जिथं नोकरी केली तिथंच कयाक सुरू झालीय. चला," एवढंच म्हणाली. सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत. गुपचूप चपला घालून बसल्या.

अकरा वर्षं त्यांनी ही नदी ओलांडली होती. तेव्हा पूल नव्हता. गूळ करायची मोठी लोखंडी काहील गावातला सिद्धरामअप्पा पाण्यात सोडायचा, सिस्टर लसींचा डबा मांडीवर घेऊन मधोमध बसायच्या आणि अप्पा बांबूनं काहील ढकलत पलीकडच्या वाडीला न्यायचा. जाता जाता पाखरं दाखवायचा. "त्यो बगा खंड्या. आता सूर मारतंय." खंड्या खरंच सूर मारायचा. अप्पानं सांगितलं म्हणूनच मारतो, असं सिस्टरना तेव्हा वाटायचं.

"चित्रबलाक!" पुढच्या कयाकमधून हरिओमनं बोट दाखवलं. गावातलाच हा पोरगेला मास्तर. शाळा सांभाळून रविवारी लोकांना पाण्यावर फिरवायचा. बाभळीवर गुलाबी पिसांचे मोठे पक्षी बसले होते. कशिशनं फोटो काढले. सिस्टर बघत होत्या, पण त्यांचं लक्ष पुढच्या वळणाकडं होतं.

वळण आलं आणि कयाकचं तोंड आपोआप फिरलं. सिस्टरनी वल्हं मारलं, कशिशनं मारलं, तरी ती गोल फिरत काठाच्या खडकाकडं निघाली. पाणी वरून संथ, आरशासारखं. खालून मात्र कुणीतरी धरून ओढावं तशी ओढ. हरिओमनं येऊन दोरीनं त्यांना बाहेर काढलं.

"खाली मोठा उमाळा हाय. कातळाला धडकून पाणी फिरतंय," तो म्हणाला. "पावसाळ्यात तर भोवराच. तवा आमी इकडं कुणालाच सोडत न्हाई. सिद्धरामअप्पांनी पयल्याच दिवशी बजावून ठेवलंय."

सिस्टरचं वल्हं हातातच राहिलं. "अप्पा... हायत?"

"हायत की. डोळे गेले दोन्ही. रोज काठावर येऊन बसतेत."

एकोणीस वर्षांपूर्वीचा श्रावण. वाडीतली पार्वतम्मा अडली होती, पहिलटकरीण. नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती. सिस्टर बॅग घेऊन काठावर उभ्या, आणि अप्पानं काहील पाण्यात घालायला साफ नकार दिला. "वळणापाशी काहील टिकायची न्हाई, शिस्टर. तुमास्नी बुडवू का?" सिस्टरनी विनवण्या केल्या, मग चिडल्या. शेवटी जीपनं लांबचा फेरा मारून त्या पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी भरल्या पारावर त्या अप्पाला म्हणाल्या, "तू भ्यालास म्हणून बाई गेली." त्यानं काहील काठावर पालथी घातली ती घातलीच. पुढं सिस्टरची बदली झाली, पूल झाला.

काठावर उतरल्या तेव्हा त्यांचे पाय ओले होते. चिंचेखाली घोंगडीवर अप्पा बसला होता. वाळून चिपाड झालेला, पण ताठ.

"अप्पा," त्या म्हणाल्या.

त्यानं मान वळवली. मग म्हणाला, "शिस्टर हाय का?"

"हाव."

"बसा. भुईवर बसाल ना?"

त्या बसल्या. वळणापासून इथवर जुळवलेली माफीची वाक्यं कुठल्या कुठं गेली. तेवढ्यात अप्पाच म्हणाला, "एक इचारू का? एकोणीस सालं इचारून राहिलो सोताला. कवा वाटतं, मी भ्यालोच होतो. नेलं असतं तर पल्याड पोचलो बी असतो. खरं सांगा, जाता आलं असतं का?"

सिस्टरना आता कळलं. म्हणजे आपण एकदा बोललो, आणि हा माणूस रोज ऐकत बसला.

"नसतं आलं, अप्पा," त्या म्हणाल्या. "मी आत्ता तिथूनच आले. एवढ्याशा पाण्यात नाव फिरली माझी. त्या दिवशी दोघं बी गेलो असतो. मी चुकीचं बोलले. साऱ्या गावापुढं बोलले."

अप्पानं हातानं जमीन चाचपली, एक काटकी उचलली, मोडली. "पार्वतम्मा लई गुणाची होती," एवढंच म्हणाला.

"चला, पाण्यावर जाऊ. मी नेते."

"तुमी?" तो पहिल्यांदाच हसला. "तुमास्नी कुटं येतंय?"

हरिओमनं त्याला जॅकेट घातलं, पुढं बसवलं आणि आपली नाव त्यांच्या बाजूला ठेवली. सिस्टर मागं बसल्या. वल्हं कधी उथळ पडत होतं, कधी खोल. अप्पाच्या पाठीवर पाणी उडत होतं. तो फक्त एकदा म्हणाला, "डावीकडनं घ्या, दगड हाय." दगड होता.

मधल्या बेटापाशी त्यानं हात वर केला. "थांबा."

वेळूच्या बेटात बारीक शीळ वाजली. मग दुसरी. मग पाण्यात धपाधप उड्या.

"उद," अप्पा कुजबुजला. "पाणमांजरं. पिल्लं बी हायत."

परत आल्यावर कशिश धावत आली. "खाला, हरिओमसर म्हणतात पाणमांजरं दिसली! किती होती?"

सिस्टरना सांगता आलं नाही. पाणमांजरं खेळत होती तेवढा वेळ त्या समोरच्या म्हाताऱ्याच्या मानेकडं बघत होत्या. एक एक उडी ऐकत ती मान हलके हलके डोलत होती.