हासराईपुढं सांगायची गोष्ट

शामकलानं ब्लेडनं गोधडीची शेवटची शिवण उसवली आणि वरचा थर ओढून काढला. उंदरानं एक कोपरा कुरतडला होता, म्हणून सगळी उसवून नव्यानं भरायची होती. दुसऱ्या थराखाली देवीचं जुनं हिरवं लुगडं निघालं. तिनं ते झटकलं, तसं काहीतरी चकाकतं अंगणातल्या शेणसड्यावर पडलं. मग आणखी एक.

चांदीचे दोन डोळे. बदामाएवढे, मागं काळं पडलेलं मेण आणि बोटाला टोचेल अशी बारीक दांडी. ते हातात घेऊन ती मटकन खालीच बसली.

टेकचंद उन्हाळी धानाला पाणी सोडून आला होता. बायको भरदुपारी उन्हात बसलेली पाहून तो जवळ आला. तिनं मूठ उघडली.

"हे तं दयामायचे डोळे होत," तो म्हणाला. मग तो व्यवहारावर आला. "चार वर्सं झाले आता. नवे डोळे बसले. दे नाल्यात टाकून. कोनाले मालूम आहे?"

"आचलले मालूम आहे," शामकला म्हणाली.

चार वर्षांपूर्वी चैत्रात देवीच्या न्हाणीच्या दिवशी ते डोळे हरवले होते. गावात देवीला न्हाऊ घालायचा मान शामकलाच्या घराचा. वर्षाचं जुनं लुगडं ती उतरवते, प्रसाद म्हणून घरी नेते, त्याची गोधडी शिवते. ती गोधडी धूत नाहीत, नुसती उन्हात घालतात. त्या वर्षी उन्हानं मेण मऊ झालं असणार आणि डोळे लुगड्याला चिकटून घरी आले असणार. आज हे सगळं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या दिवशी मात्र मंदिरात एकच आरडाओरडा झाला होता, आणि शामकलानं एक वाक्य म्हटलं होतं.

"पायरीवर ती एकटीच होती."

तेवढंच. चोर हा शब्दसुद्धा तिनं तोंडातून काढला नव्हता, आणि पुढं कितीतरी दिवस ती याच गोष्टीचं समाधान मानत आली. पायरीवर होती आचल, जंगलाकडच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली एकोणीस वर्षांची पोर. ती शामकलाकडं धानाच्या रोवणीला यायची आणि त्या दिवशी न्हाणीचं पाणी वाहून द्यायला आली होती. बायकांनी तिला सगळ्यांसमोर ओढणी झाडायला लावली, कमरेची पिशवी उलटी करायला लावली. पिशवीतून एक कंगवा आणि भाजलेले फुटाणे पडले. आचलनं फुटाणे एक एक करून वेचले आणि निघून गेली. त्यानंतर या गावात तिनं पाऊल टाकलं नाही. दयेची देवी सगळं बघत बसली होती. म्हणजे, डोळे असते तर बघत बसली असती.

देवी तशी एकच. गावातले शेतकरी आणि दुकानदार तिला दयामाय म्हणतात. पांढरं मंदिर, दिवा, कापूर, हात जोडून डोळ्यांत पाणी. तिच्यापुढं हसायची बंदी आहे. तान्हं पोर खिदळलं तरी आई आपल्या कानाला हात लावते. जंगलाकडच्या टोल्यावर तीच देवी हासराई होते. मोहाच्या झाडाखाली एक गुळगुळीत दगड, वर ना छप्पर ना डोळे. कोहमाऱ्याला हायवेवर ट्रकवाल्यांनी तिला हॉर्नवाली माई करून टाकलंय. तीनदा हॉर्न दिला की पुढचा घाट सुखाचा. तिन्हीकडचे लोक बाकी दोघांना अडाणी समजतात, आणि देवीनं अजून कुणाचाच गैरसमज दूर केलेला नाही.

हासराईचा एक नियम आहे. ज्याची चूक असेल त्यानं ती तिच्यापुढं अशी सांगायची, की ज्याचं वाईट केलं त्याला हसू आलं पाहिजे. आलं, तर देवीनं माफ केलं. मग ती गोष्ट कुणी, कधी, कुठंच काढायची नाही. ओढूनताणून हसलेलं चालत नाही, आणि ते लपतही नाही.

शामकला रविवारी टोल्यावर गेली. टेकचंदनं मोटरसायकलवर आणून सोडलं आणि तो लांबच उभा राहिला. तिच्या पिशवीत नारळ होता, खण होता आणि रुमालात बांधलेले डोळे. मोहाखाली दहा-बारा माणसं जमली होती. दगडाची देखभाल करणारा म्हातारा मंगरू आचलचा आजा लागत होता. त्यानं आचलला बोलावणं धाडलं. ती आली, केस मानेवर बांधलेले, चेहरा भरलेला. आता ती नागझिऱ्याच्या गेटवर गाईड होती. पर्यटकांना वाघ दाखवायची, नाही दिसला तर वाघाच्या गोष्टी सांगून समाधान करायची.

शामकलानं नारळ ठेवला, रुमाल सोडला आणि रडायला लागली.

"मी पापी आहो, बाई. देवीनं मले..."

"थांबा जी," मंगरू म्हणाला. "इथं रडाचं नसते. ते तुमच्या मंदिरात. इथं बराबर सांगा, काय झालं ते."

शामकलानं पदरानं नाक पुसलं. आपली फजिती चारचौघांत सांगायची तिला सवय नव्हती. सुरुवात अडखळत झाली.

"त्याच हप्त्यात मी लुगड्याची गोधडी शिवली. आन् माही पाठ दुखाले लागली. झोपलो का दुखे, उठलो का बरी. गोंदियाले नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणे, हाड बराबर आहे, खाट बदला. खाट बदलली. मंग गादी बदलली. मंग हे म्हणे, खोलीच बदल. खोलीबी बदलली."

"आन् गोधडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"गोधडी सोबतच ना! देवीची होय, सोडाची कशी? जिथं जाओ तिथं नेओ. चार वर्सं देवी माह्या पाठीत दांडी खुपसून राहिली, आन् मी तेल लावत राहिलो."

मोहाखाली हशा पिकला. मंगरूला ठसका लागला. लांब उभा असलेला टेकचंदसुद्धा तोंड फिरवून हसला, कारण खोली बदलायची अक्कल त्याची होती. सगळे हसले आणि मग सगळ्यांनी आचलकडं पाहिलं.

आचल हसली नव्हती.

"गोष्ट हासाची आहे, काकी," ती म्हणाली. "पर मले हासू येऊन नाही राहिलं."

"काऊन वं?" मंगरूनं विचारलं.

"इथं मले चोर कोन म्हणलं होतं, आजा? इथं सांगून काय भेटते? ज्यायनं माही पिशवी उलटी केली त्या तिकडं बसतात." तिनं शामकलाकडं पाहिलं. आवाज चढला नव्हता, पण त्यात कुठं नरमाईही नव्हती. "न्हाणीच्या दिवशी तिकडं सांगा. त्यायच्यासमोर. मी येईन. हासू आलं तं हासीन."

"मंदिरात हासत नाहीत, पोरी," शामकला म्हणाली.

"मालूम आहे."

परतताना टेकचंद म्हणाला, तू आपल्याकडून केलं, आता झालं. शामकलाला ठाऊक होतं, मंदिरात सांगितलं तर काय होईल. मोठी जाऊ धनवंता कित्येक वर्षं न्हाणीच्या मानावर डोळा ठेवून होती. स्वतःच देवीचे डोळे घरी नेले आणि गरिबाच्या लेकरावर आळ घातला, असं भर मंदिरात कबूल केल्यावर मान राहील कशाला? मान गेला तर शामकलाजवळ दुसरं मिरवायला काही नव्हतं. ती खूप घाबरली होती. पण आचलनं फुटाणे वेचले होते ते तिला दिसत राहिलं.

न्हाणीच्या दिवशी मंदिर भरलं होतं. शामकलानं जुनं लुगडं उतरवलं, देवीला पाणी घातलं, अंग पुसलं. आता नवं लुगडं नेसवायचं. त्याऐवजी ती उठली आणि देवीकडं पाठ करून बायकांसमोर उभी राहिली. असं कधी कुणी केलं नव्हतं. कुजबूज थांबली.

आचल आली होती. खाकी गणवेशात, पायात बूट, दारातल्या पायरीवर.

शामकलानं रुमाल उघडून डोळे दाखवले आणि सांगायला सुरुवात केली. लुगडं, गोधडी, पाठ, एक्स-रे, खाट, गादी, खोली. मोहाखाली जिथं हसले होते तिथं इथं कुणी हललंसुद्धा नाही. बायका कधी डोळ्यांकडं, कधी धनवंताकडं पाहत होत्या. गोष्ट संपली होती. पण तिनं मोहाखाली एक गोष्ट गाळली होती. ती तिनं नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

"आखीन एक आहे," ती म्हणाली. "चार वर्सं मी रोज सकारी इथं येऊन मागनं मागत होतो. म्हणो, माय, ज्यानं तुहे डोळे नेले त्याच्या अंगाले सुख लागू देऊ नको. त्याले रातभर झोप येऊ देऊ नको." ती क्षणभर थांबली. "आन् घरी जाऊन म्हणो, काऊन वं माय, मलेच काऊन झोप येत नाही? तं आखीन जोरानं मागो."

मग पायरीवरून एक आवाज आला, नाकातून सुटलेल्या शिंकेसारखा. आचलनं तोंडावर हात दाबला. तो काही कामाला आला नाही. तिनं दाराची चौकट धरली आणि ती हसली. पोट धरून, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"देवीनं ऐकलं ना, काकी!" तिला मधे धड बोलता येईना. "रोजचं रोज ऐकलं!"

एका म्हातारीनं सवयीनं कानाला हात लावला आणि तिलाच फस्सकन हसू आलं. मग बायकांची जी रांग फुटली ती फुटलीच. पदर तोंडात कोंबले गेले, कुणी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. शामकला मधोमध उभी होती आणि तिलाही हसू येत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

धनवंता तेवढी हसली नव्हती. आवाज ओसरायची तिनं वाट पाहिली.

"हासनं झालं असन तं बोलतो," ती म्हणाली. "त्या दिवशी भर मंदिरात हिनंच म्हणलं होतं का पायरीवर..."

"मोठ्या काकी," आचल म्हणाली.

धनवंता थांबली.

"मी हासलो आता. ते संपलं. ते आता कोनीच काढाचं नाही."

"तो तुमच्या टोल्यावरचा नियम होय."

"हो जी. मी टोल्यावरचीच आहो."

धनवंतानं तिच्याकडं पाहिलं, मग शामकलाकडं. शामकला मान खाली घालून उभी होती, जे येईल ते घ्यायला तयार. बाहेर दोन-तीन लहान पोरं अजून हसत होती, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"लुगडं नेसव वं," धनवंता शेवटी शामकलाला म्हणाली. "माय ओलीच बसून आहे."

मग ती सतरंजीवर थोडी सरकली. मांडीजवळ एका माणसापुरती जागा झाली. ती दाराकडं न बघताच बोलली, "आन् ते दारातली काय उभीच राहणार आहे का?"

आचलनं हातातलं घड्याळ पाहिलं. अडीचला गेटवर पोचायचं होतं. तिनं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.